पिशवीतलं पांढरं, डोळ्यांतलं पिवळं

एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून, थोडक्यात असं:

"आमचा मुलगा नऊ महिन्यांचा आहे. जन्मानंतर चौथ्या दिवशी आतड्याला पीळ पडला आणि काळं पडलेलं आतडं काढावं लागलं. लहान आतडं 30 सेंटीमीटर उरलंय. तेव्हापासून त्याचं पोषण शिरेतून चालतं. गेले दोन महिने आम्ही घरी आहोत. रात्री 14 तास पिशवी चालते, ती मीच लावते. वजन 6 किलो. मध्ये दोनदा लाईनचं, म्हणजे शिरेत बसवलेल्या नळीचं, इन्फेक्शन होऊन ताप आला. मग डोळे पिवळे दिसायला लागले, रक्तातलं डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे पित्तातलं पिवळं द्रव्य, 1.2 वरून 3.4 वर गेलं. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी पिशवीतलं सोयाबीनचं फॅट किलोमागे 3 ग्रॅमवरून 1 ग्रॅमवर आणलं. बिलिरुबिन उतरलं नाही तर माशाच्या तेलाचं फॅट लावू म्हणतात. सासूबाईंचं म्हणणं, फॅटनेच लिव्हर बिघडतंय तर ते पूर्ण बंद करा. नवरा म्हणतो, माशाचं तेल आजच का नाही? त्याने त्या तेलाच्या कॅप्सूल आणून ठेवल्यात, नाकातल्या नळीतून देऊ म्हणतो. शी फार होत होती म्हणून दर तीन तासांचं 5 मिली दूध मी पंधरा दिवसांपूर्वी थांबवलं. रोज रात्री पिशवी जोडताना हात थरथरतात. मीच माझ्या बाळाला विष देतेय का?"

नाही.

हे आधी सांगून टाकते, कारण तो प्रश्न डोक्यात ठेवून पुढचं काही तुमच्या डोक्यात शिरणार नाही. 30 सेंटीमीटर आतड्यावर तुमचं बाळ आज तोंडाने घेतलेल्या दुधावर जगू शकत नाही. ही पिशवी नसती तर पत्र लिहायला कारणच उरलं नसतं. तिचा लिव्हरवर भार पडतो, हेही खोटं नाही. दोन्ही गोष्टी एकाच पिशवीत आहेत, आणि त्यात काय किती घालायचं हे तुम्ही ठरवलेलं नाही. तुमच्याकडे फक्त जोडायचं काम आहे. ते तुम्ही हात धुऊन, रात्री जागून करताय.

आता घरातल्या मतांकडे वळू. सासूबाई, तुमचे यजमान आणि तुम्ही, तिघांचं पटत नाही असं तुम्हाला वाटतं. मला तर तिघंही एकाच गोष्टीवर एकमत दिसता: गुन्हेगार तेल आहे, आता शिक्षा काय द्यायची एवढंच ठरायचंय. मी आहारतज्ज्ञ आहे. हॉस्पिटलात या पिशव्यांची गणितं मांडण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगते, तेलावर संशय घेणं योग्य आहे, पण तपास तिथेच थांबवणं महागात पडतं.

सासूबाईंचा उपाय आधी घेऊ, कारण तो जगात करून झालेला आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेत शिरेतून पूर्ण पोषण सुरू झालं तेव्हा तिथे शिरेतून द्यायला सुरक्षित तेलच नव्हतं. सरकीच्या तेलाचं एक द्रावण होतं, ते रिअॅक्शनमुळे मागे घ्यावं लागलं. मग सगळा भार ग्लुकोजवर. बाळं वाढली, पण काही आठवड्यांत त्यांची कातडी कोरडी पडून खपल्या निघू लागल्या, केस गळू लागले, जखमा भरेनात. काही फॅटी अॅसिड शरीराला स्वतः बनवता येत नाहीत, ती बाहेरूनच यावी लागतात; आणि वाढत्या मेंदूला, डोळ्याच्या पडद्याला ती लागतातच. स्वीडनमध्ये आर्विद व्रेटलिंड या डॉक्टरांनी सोयाबीनचं तेल अंड्यातल्या फॉस्फोलिपिडने पाण्यात बारीक फोडून दुधासारखं द्रावण केलं. 1962 पासून ते तिथे वापरात आलं आणि हा प्रश्न सुटला. तुमच्या पिशवीतलं पांढरं हे त्याचंच वंशज. म्हणजे 'फॅट बंद' हा नवा शहाणपणा नाही. ज्या खड्ड्यातून वर यायला या तेलाने मदत केली, त्याच खड्ड्यात परत जाणं आहे ते.

शिवाय उष्मांकांचा हिशेब बघा. तुमच्या द्रावणावर 20% लिहिलेलं असेल तर त्याच्या एका मिलीतून 2 उष्मांक मिळतात. किलोमागे 3 ग्रॅम, वजन 6 किलो, म्हणजे रोजचं 18 ग्रॅम तेल, 90 मिली, 180 उष्मांक. आता 1 ग्रॅमवर आणल्यावर 30 मिली, 60 उष्मांक. रोजचे 120 उष्मांक गेले. ते भरायला ग्लुकोज वाढवायचं तर साधारण 35 ग्रॅम जास्तीचं ग्लुकोज 14 तासांत त्या चिमुकल्या शरीरात घालावं लागेल. एवढं ग्लुकोज जाळलं गेलं नाही की लिव्हर त्याची चरबी करून स्वतःतच साठवतं. तेल पूर्ण बंद केलं तर हा आकडा आणखी वाढेल. बाहेरून येणारी चरबी अडवायची आणि आत चरबीचा कारखाना टाकायचा, असा तो प्रकार होतो. सासूबाईंना हे शेवटचं वाक्य सांगून बघा. बाकी रसायनशास्त्राची गरज पडणार नाही.

मग डॉक्टरांनी तेल कमी का केलं? इथे जरा थांबून बघायला हवं, कारण तोंडाने खाल्लेलं तेल आणि शिरेतून गेलेलं तेल यांची वाट वेगळी आहे. वनस्पतींच्या तेलात कोलेस्टेरॉलची भावंडं असतात, त्यांना फायटोस्टेरॉल म्हणतात. आपण ती रोज खातो, पण आतड्याच्या भिंतीवर पहारेकरी आहेत. ते त्यातलं बहुतेक आत येऊ देत नाहीत आणि आलेलं परत बाहेर टाकतात. शिरेतून दिलं की हा पहारा वगळून सगळं थेट रक्तात. सोयाबीनच्या द्रावणात ही द्रव्यं भरपूर असतात. लिव्हरमध्ये पित्त बाहेर ढकलण्याचं काम ज्या रिसेप्टरच्या इशाऱ्यावर चालतं, त्या एफएक्सआरला ही द्रव्यं दाबतात असं प्रयोगांमध्ये दिसलंय. पित्त पेशीतच अडकतं, डायरेक्ट बिलिरुबिन चढतं, डोळे पिवळे. त्यात सोयाबीनच्या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेइक अॅसिड, म्हणजे ओमेगा-6, आणि त्याच्या मानाने ओमेगा-3 फारच कमी. हा तोल सूज वाढवण्याच्या बाजूला झुकतो. म्हणून जिथे डायरेक्ट बिलिरुबिन 2 च्या वर गेलंय अशा बाळांमध्ये सोयाबीनचं तेल किलोमागे 1 ग्रॅमवर आणणं ही मानलेली चाल आहे. तुमच्या डॉक्टरांनी तेच केलंय. काही भलतं केलेलं नाही.

पण कमी केलेल्या तेलाची राखण करावी लागते. रक्तात ट्रायीन-टेट्राईन गुणोत्तर नावाची तपासणी असते. शरीराला हवी ती फॅटी अॅसिड मिळेनाशी झाली की ते मीड अॅसिड नावाचं दुय्यम दर्जाचं काहीतरी बनवून काम भागवतं, तेच यात मोजतात. 0.2 च्या वर गेलं की टंचाई समजायची. तेल कमी केल्यावर ती कधी करणार, हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे. आणि वजनाबरोबर बाळाची लांबी आणि डोक्याचा घेरही मोजला जातोय ना? वजन पाण्यानेही वाढतं.

आता तुमच्या यजमानांचा मुद्दा. तो मला सासूबाईंच्या मुद्द्यापेक्षा जास्त पटतो, फक्त घाई सोडून. माशाच्या तेलाच्या द्रावणात फायटोस्टेरॉल जवळजवळ नसतात, ओमेगा-3 भरपूर असतं आणि ई जीवनसत्त्व जास्त असतं. 2006 मध्ये बोस्टनच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी दोन बाळांची हकीकत छापली. सोयाबीनचं द्रावण काढून माशाच्या तेलाचं लावल्यावर त्यांचं पित्त वाहू लागलं होतं. त्यानंतर अनेक ठिकाणी तसंच दिसलं. 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पित्त तुंबलेल्या बाळांसाठी ते मान्य केलं, किलोमागे दिवसाला 1 ग्रॅम या प्रमाणात. तेव्हा हा पर्याय हवेतला नाही.

मात्र एक गोम आहे. बोस्टनमध्ये तेल बदललं तेव्हा प्रमाणही घटलं होतं. आधी सोयाबीन बऱ्याच जास्त मात्रेत, नंतर मासा 1 ग्रॅम. मग गुण माशाचा किती आणि कमी मात्रेचा किती? यावर जाणकार अजून भांडतात. माझं मत विचाराल तर दोन्हींचा. म्हणूनच 'आधी कमी करून बघू, मग बदलू' हा तुमच्या डॉक्टरांचा क्रम मला चुकीचा वाटत नाही. फक्त 'उतरलं नाही तर' म्हणजे नेमकं कधी, हे त्यांच्याकडून तारखेसकट घ्या. पित्त एका आठवड्यात मोकळं होत नाही, त्याला आठवडे लागतात, कधी महिने. तुमचे तीन आठवडे झालेत. आणखी किती थांबायचं, कोणत्या आकड्याला बदलायचं आणि ते द्रावण तुमच्या हॉस्पिटलला मिळतं का, हे आत्ताच ठरलेलं असावं. बाळ आणखी पिवळं पडल्यावर शोधाशोध सुरू झाली तर नाहक दिवस जातात.

तिसरी वाटही आहे, तिचं नाव तुमच्या पत्रात नाही. मिश्र तेलाचं द्रावण: 30% सोयाबीन, 30% मध्यम साखळीचं तेल, 25% ऑलिव्ह आणि 15% मासा. पुष्कळ ठिकाणी आता सुरुवातच याने होते. यात एक चूक सर्रास होते, म्हणून सांगते. सोयाबीन कमी करायचा नियम डोळे झाकून या द्रावणालाही लावतात. त्यात सोयाबीन मुळातच एक तृतीयांशाहून कमी आहे. ते 1 ग्रॅमवर आणलं तर आवश्यक फॅटी अॅसिडची टंचाई येऊ शकते. तुमच्यासारखंच पत्र लिहू पाहणाऱ्या इतर आईबाबांनीही हे ध्यानात ठेवावं. 'फॅट किती' या प्रश्नाआधी 'कुठलं फॅट' हा प्रश्न येतो.

कॅप्सूल मात्र कपाटात ठेवून द्या. शिरेतलं द्रावण आणि कॅप्सूलमधलं तेल यांचं नावच तेवढं सारखं. कॅप्सूल फोडून तेल लाईनमध्ये किंवा पिशवीत गेलं तर ते थेट फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकेल. तुमचे यजमान तसं करणार नाहीत हे मला कळतंय, पण घरात कुणाच्या मनात यायला नको म्हणून स्पष्ट लिहिलं. नाकातल्या नळीतून दिलं तर एवढ्याशा आतड्यात ते किती शोषलं जाईल आणि शी किती वाढेल, हे तुमच्या टीमने ठरवायचं. ते शिरेतल्या तेलाची जागा घेणार नाही, एवढं नक्की.

आणि आता ज्यासाठी मी तुमचं पत्र या सदरासाठी निवडलं ते. मूळ पत्रात तेलावर साडेतीन पानं आहेत. दोनदा आलेल्या तापावर एक ओळ आहे. बंद केलेल्या दुधावर अर्धी. माझी बोटं त्या दीड ओळीवरच अडकली.

लाईनचं इन्फेक्शन झालं की जंतूंची विषद्रव्यं रक्तातून लिव्हरपर्यंत पोचतात आणि पित्त बाहेर टाकणारे पंप मंदावतात. तेल कुठलंही असो. तुमच्या वहीत तापाच्या तारखा आणि बिलिरुबिनच्या तारखा शेजारी शेजारी लिहून बघा. मी असं कितीतरी घरांना करायला लावलंय आणि बऱ्याचदा चढ तापाच्या मागोमाग आलेली दिसते. तसं असेल तर या लढाईत सगळ्यात मोठं हत्यार तेलाच्या बाटलीत नाही, तुमच्या त्या थरथरणाऱ्या हातांत आहे. लाईनचं तोंड स्पिरिटच्या स्वाबने घासून पुसायचं, निदान 15 सेकंद, आणि मग ते आपोआप वाळू द्यायचं. फुंकर मारायची नाही. सगळ्यांचं चुकतं ते वाळण्यात, कारण रात्रीच्या वेळी, बाळ रडत असताना ते काही सेकंद फार लांब वाटतात. एका आईने त्यासाठी अंगाईचं एक कडवं ठरवलं होतं. कडवं संपेपर्यंत जोडायचं नाही. दिवसा लाईन रिकामी असते तेव्हा तिच्यात टॉरोलिडीन या जंतुनाशकाचं लॉक, म्हणजे नळीत भरून ठेवायचं द्रावण, घालून ठेवता येतं, त्याने इन्फेक्शन कमी होतात. दोन इन्फेक्शन झालेल्या बाळाच्या आईने हे विचारायलाच हवं. आणि 38 अंशांचा ताप आला की औषध देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच तासाला हॉस्पिटल.

दुधाचं सांगते. 5 मिलीने पोट भरत नाही, म्हणून ते बिनमहत्त्वाचं वाटतं. पण लिव्हरच्या हिशेबात ते पोट भरण्यासाठी नसतंच. आतड्यात थोडं जरी अन्न उतरलं की आतडं एक संप्रेरक सोडतं, पित्ताशय आकुंचन पावतं, साचलेलं पित्त पुढे सरकतं. तोंड पूर्ण बंद असेल तर पित्त घट्ट होऊन गाळ साचतो, पुढे खडे. शिवाय उरलेलं आतडं वाढतं, जाड होतं, शिकतं, ते फक्त अन्न अंगावरून गेल्यावर. मोठ्या माणसाच्या आतड्याची लांबी वाढत नाही, तुमच्या बाळाच्या आतड्याला ती सोय आहे. त्याचं पिशवीवरचं अवलंबन कमी होणं हाच शेवटी लिव्हरवरचा खरा उपाय, आणि त्याची सुरुवात त्या सिरिंजमधूनच होते. शी वाढली म्हणून तुम्ही घाबरलात, हे समजतं. शीचं प्रमाण मोजायचं असतं, डायपर वजन करून. मग टीम ठरवते की दूध थेंबाथेंबाने द्यायचं, बदलायचं, की आतड्यात जंतूंची वाढ झालीय म्हणून आधी औषध द्यायचं. परस्पर बंद करणं हा त्यातला एकही पर्याय नव्हता. रागावत नाहीये. तुम्हाला कुणी हे समजावलं नाही, त्याचा मला राग आहे.

आणखी एकदोन गोष्टी भरभर. पिशवी झाकायचं कव्हर देतात ते वापरा, प्रकाशाने तेल आणि जीवनसत्त्वं खराब होतात. जोडण्याआधी पिशवी उजेडात धरून बघा. एकदा एका वडिलांना पिशवीत वर पिवळसर तेलाचं कडं दिसलं, त्यांनी ती लावली नाही आणि फोन केला. द्रावण फुटलेलं होतं, म्हणजे तेल पाण्यापासून सुटलं होतं. पांढरं सगळीकडे एकसारखं असायला हवं. पित्त अडलेलं असताना तांबं आणि मँगनीज शरीरात साचतं, तेव्हा त्यांची पातळी तपासतात का विचारा, पण तांबं सरसकट काढू देऊ नका. त्याची टंचाई झाली की रक्त कमी होतं.

बिलिरुबिन उतरलं की घरात पेढे वाटावेसे वाटतील. उतरू दे, आनंद करा, पण तपासण्या थांबवू नका. पिवळेपणा गेल्यावरही लिव्हरमधले जखमेचे धागे तसेच राहू शकतात, माशाच्या तेलावर असलेल्या बाळांतही हे दिसलंय. प्लेटलेट उतरताहेत का, प्लीहा वाढलीय का, याकडे डॉक्टरांचं लक्ष हवं. पांढरट मातकट शी, पोट फुगणं, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, यांतलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि जिथे आतड्यांच्या पुनर्वसनाची स्वतंत्र टीम आहे, सर्जन, पोटाचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ एकत्र बसतात, अशा ठिकाणचं एक मत आत्ताच घ्या. तिथे प्रत्यारोपणाचा शब्द निघाला तर दचकू नका. नाव लवकर कळवून ठेवणं आणि प्रत्यारोपण करणं, यात पुष्कळ अंतर आहे. बाळ वर्षाचं झालं की टेडुग्लुटाइड या इंजेक्शनचाही विषय काढा. ते उरलेल्या आतड्याची शोषण्याची ताकद वाढवतं, वर्षावरच्या मुलांसाठी अमेरिकेत 2019 पासून मान्य आहे.

हे सदर वाचणाऱ्यांत मोठी माणसंही शिरेतून पोषण घेणारी आहेत, मला त्यांची पत्रं येतात. त्यांचं लिव्हर सहसा पिवळं होण्याआधी चरबीने भरतं, आणि त्यात जास्तीच्या ग्लुकोजचा हात मोठा असतो. तेलाचं म्हणाल तर 2000 साली फ्रान्समधल्या एका अभ्यासात किलोमागे दिवसाला 1 ग्रॅमपेक्षा जास्त तेल घेणाऱ्यांत लिव्हरचे जुनाट त्रास जास्त आढळले. तेव्हापासून सोयाबीनच्या बाबतीत ती मर्यादा धरली जाते. तुमच्या पिशवीवरच्या चिठ्ठीत ग्रॅम लिहिलेले असतात. आपल्या वजनाने भागून बघा.

आईला एक शेवटचं. उद्या सकाळी टीमला फोन कराल तेव्हा तेलाचा विषय काढूच नका, तो पुढच्या भेटीला. फक्त एवढंच विचारा: दूध मी परस्पर थांबवलं होतं, आता किती मिलीने सुरू करू?